सामान्यतः बंद

फोनवर बाबा घरी चालत होते आणि माझ्यासमोर बाबा उभे होते. दुपारचे सव्वातीन वाजले होते. एका हातात काठी, दुसऱ्या हातात कापडी पिशवी, पिशवीत किटली, आणि काठीच्या मुठीशी दोन बोटांत धरलेला सत्तेचाळीस नंबरचा कागद. म्हणजे त्यांनी आल्या आल्या दाराजवळच्या यंत्रातून नंबर घेतला होता, बाकावर बसून पाळीची वाट पाहिली होती, आणि मी मान वर न करता "पुढचे" म्हणाले तेव्हा ते पुढचे म्हणून पुढे आले होते. किती वेळ बसले होते कोण जाणे. त्रेचाळीस नंबरच्या बाईंचं वॉशिंग मशीन मोजे गिळत होतं, त्यात माझी वीस मिनिटं गेली होती. म्हणजे निदान वीस मिनिटं तरी माझे वडील माझ्यापासून दहा पावलांवर बसून माझ्या पांढऱ्या भांगाकडे बघत असणार. "उपकरण?" मी विचारलं. "किटली." "तक्रार काय?" "बंद पडलीय." आवाज ओळखायला मला एवढे शब्द लागले. मी वर पाहिलं. "बाबा, तुम्ही?" "नंबर लावलाय," ते म्हणाले आणि कागद पुढे केला, जणू मी त्यांच्यावर मध्येच घुसल्याचा आळ घेतला होता.

घरगुती उपकरणांच्या दुरुस्ती केंद्रात मी तक्रारी लिहून घेते. सतरा वर्षं. शिक्षण म्हणाल तर त्यातलं काहीच नाही, पण मागच्या टेबलांवर मेकॅनिक लोक काय करतात ते बघून बघून मला तारा कळायला लागल्या, आणि पुढे पुढे एखादा नवा मेकॅनिक अडला की "ताई, जरा बघता का," असंही व्हायला लागलं. तर माझा फोन नेहमीसारखा वहीशेजारी उताणा पडला होता आणि त्यावर हिरव्या पट्टीत लिहिलेलं होतं: बाबा, पॅसेज, हालचाल आहे. मी पट्टीकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं, परत पट्टीकडे पाहिलं. घरात कुणीतरी आहे. बाबा इथे, आणि तिथे त्यांच्या पॅसेजमध्ये कुणीतरी फिरतंय, अगदी आत्ता, या क्षणी. "निघताना दार नीट ओढलं होतं ना?" मी विचारलं. "छत्तीस वर्षं रेल्वेचं फाटक ओढलंय मी," बाबा म्हणाले, "दार ओढता येतं मला." मागून मेकॅनिक आला, किटली हातात घेऊन त्यानं ती लावून पाहिली, तिच्यातून लगेच वाफेचा सुस्कारा निघाला, आणि तो म्हणाला, "ताई, हिला तर काहीच झालेलं नाही." बाबा जराही ओशाळले नाहीत. "डॉक्टरच्या दारात गेलं की पोट दुखायचं थांबतं," ते म्हणाले, "तसलं असेल."

मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि त्यांना टॅक्सीत घातलं. वाटेत बाबा खिडकीतून बघत होते आणि मी फोनमध्ये. हालचाल आहे. हालचाल आहे. चोर असेल तर तो फारच निवांत चोर होता. घर ते केवढं, दोन खोल्या आणि त्यांना जोडणारा बारा पावलांचा पॅसेज, त्यात चोरायला आईचं शिवणयंत्र आणि भिंतीवरचं बंद घड्याळ. एवढ्यासाठी कुणी तासभर येरझाऱ्या घालत नाही. पण भीतीला असला हिशेब शिकवता येत नाही. भीतीच्या खाली मात्र आणखी काहीतरी वळवळत होतं, आणि ते मला भीतीपेक्षा जास्त नकोसं होतं: बाबा शहराच्या या टोकाहून त्या टोकाला आले, धडधाकट किटली घेऊन, आणि नंबर लावून बसले. मला भेटायला त्यांना तक्रार लागली. शेवटची मी त्यांच्याकडे गेले होते ते ती वस्तू बसवायला, आणि त्याला आज बावीस दिवस झाले होते.

वस्तूची कल्पना दादाची. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. तिकडे परदेशात राहतो, पंचावन्न वर्षांचा आहे आणि मला एक्कावन्नाव्या वर्षीही छोटी म्हणतो. दोन महिन्यांपूर्वी बाबा न्हाणीघरात पडले, मनगटावर निभावलं. दादानं तिकडून एका वृद्धनिवासात चौकशी केली, बागेकडे तोंड असलेली एक खोली महिनाभर राखून ठेवायला लावली, आणि मग फोनवर आमची तिघांची बैठक झाली. बाबा म्हणाले, "मी हिंडताफिरता माणूस आहे." दादा म्हणाला, "बाबा, तुम्ही दिवसभर खुर्चीत असता." "तू बघायला येतोस?" "तेच तर म्हणतोय, कुणी बघायला नाही." मग ठरलं की महिनाभर बघायचं. पॅसेजमध्ये हालचाल टिपणारा सेन्सर लावायचा. बाबा खरंच हिंडतेफिरते असतील तर राहतील घरी, नाहीतर खोली घ्यायची. बाबांनी एकच अट घातली, की सकाळी सातच्या आधी आणि रात्री आठनंतर त्या यंत्रानं बघायचं नाही. "माणसाला पाठ फिरवायला जागा पाहिजे," ते म्हणाले. दादा कबूल झाला. पण सेलवर चालणारा सेन्सर नको म्हणाला, सेल संपले की कोण बदलणार. कोण, म्हणजे मी. पण तसं न म्हणण्याइतका तो शहाणा आहे. म्हणून मी केंद्रातल्या अडगळीतून एक जुना, तारांचा सेन्सर शोधून काढला, मूळचा कुठल्याशा दुकानातल्या चोर-अलार्मचा. त्याला चार तारा. दोन त्याला वीज पुरवणाऱ्या, आणि दोन त्याची बातमी बाहेर आणणाऱ्या. बातमीच्या दोन तारा रिलेला जोडायच्या. रिले म्हणजे काड्यापेटीएवढी डबी, ती बटणांच्या पाटीमागे बसते आणि कळलेलं सगळं वायफायवरून फोनला सांगते. एकूण माझ्या आत्याच्या स्वभावाची वस्तू.

ते बसवण्यात एक अख्खा रविवार गेला, आणि आज टॅक्सीत तो रविवार मला तुकड्यातुकड्यांनी आठवत राहिला. मी स्टुलावर, बाबा खाली स्टूल धरून. "मेन बंद केलंस ना?" "केलं." "परत बघ." मी परत बघितलं. लाल, काळी, पांढरी, हिरवी. तारेचं टोक सोलताना प्लास्टिकची साल उडून बाबांच्या चष्म्यावर पडली आणि ते म्हणाले, "आईसारखंच करतेस, तीही मटार सोलताना माझ्याच अंगावर उडवायची." तेवढंच बोलले, पण आई गेल्यावर सात वर्षांत ते आईबद्दल आपणहून बोलल्याचं मला आठवत नव्हतं. मी तोंडात स्क्रू धरले होते, आणि आमच्या घरात नेहमी कुणाच्या तरी तोंडात स्क्रू असतातच. मग मेन लावून हातातल्या मीटरनं तपासलं. समोर कुणी हललं नाही की बातमीच्या तारांतून वीज वाहत होती, मीटर पीं करून ओरडत होता. हललं की गप्प. रिलेच्या ॲपनं फोनवर शुद्ध मराठीत विचारलं, संपर्क कोणता: सामान्यतः उघडा की सामान्यतः बंद? मी विचार केला. विचार न करता काही केलेलं नाही, हे माझ्या बाजूनं सांगायला हवं. नळ उघडा असतो तेव्हा पाणी वाहतं. एरवी, म्हणजे सामान्यतः, इथून वीज वाहतेय. म्हणजे नळ उघडा. मी 'सामान्यतः उघडा' निवडलं. सेन्सरच्या पोटातला इवलासा दिवा मी हलले की लुकलुकत होता, फोनवरची अक्षरं आहे-नाही-आहे अशी बदलत होती, थोडी मागेपुढे वाटली, पण वायफायला तेवढा उशीर होतोच म्हटलं. बाबांनी विचारलं, "झालं?" मी म्हणाले, "झालं. आता तुम्ही हललात की मला कळणार." "आणि नाही हललो की?" "तेही कळणार." "मग येण्याची कटकट वाचली तुझी," ते म्हणाले. मी हसले. मला तो विनोद वाटला.

आणि खरोखरच वाचली. आधी मी आठवड्यातून तीनदा तरी जायची, काम सुटल्यावर, सहा ते साडेसहाच्या मध्ये कधीतरी. कोणते दिवस ते आधी सांगायची नाही, माझं मलाच ठाऊक नसायचं. सेन्सर लागला आणि मी फोनकडे बघायला लागले. सकाळी सातला पट्टी हिरवी व्हायची ती जवळजवळ दिवसभर हिरवीच. मध्ये मध्ये पाच-सात मिनिटांच्या बारीक फटी: सव्वासातला एक, दहाला एक, दुपारी दोन-तीन. मी म्हणायची, डुलकी लागली वाटतं. संध्याकाळी सहापासून अर्ध्या तासाची मोठी फट, रोज, न चुकता. मी म्हणायची, या वेळेला बाबा आडवे होतात तर, उगाच जाऊन झोपमोड कशाला करा. असं म्हणून मी माझ्या खोलीवर जायची. माझी खोली चौथ्या मजल्यावर आहे, एक खिडकी, एक खुर्ची, एक कप. एकोणीस वर्षं मी तिथे एकटी राहते, संसार मोडला तेव्हापासून, आणि खोटं कशाला बोलू, मला ती खोली आवडते. आत शिरून दार लावलं की दिवसभराचा लोकांच्या यंत्रांचा आवाज बाहेर राहतो. मग मी खुर्चीत बसायची, चहा प्यायची, आणि फोन कपाला टेकवून उभा करायची. हालचाल आहे. त्या तीन आठवड्यांत मला जेवढी सोबत वाटली तेवढी कित्येक वर्षांत वाटली नव्हती. तिकडे बाबा चालताहेत, इकडे मी बसले आहे. मनात मी त्यांना चप्पलही घातली होती, ती जुनी, टाच झिजलेली, तिचा फटक-फटक आवाज मला ऐकू यायचा. एकदा तर मी फोनला म्हणाले, "पुरे आता, बसा थोडे."

आम्ही पोचलो तेव्हा बाबांचं दार व्यवस्थित ओढलेलं होतं. कुलूप शाबूत. मी बाबांना मागे थांबवून, शेजारणीची छत्री हातात घेऊन आत शिरले, आणि पॅसेजमध्ये पहिलं पाऊल टाकलं त्याच क्षणी फोनवरची पट्टी राखाडी झाली. हालचाल नाही. मी छत्रीसकट उभी राहिले. घर रिकामं होतं. ते कळायला शोधावं लागत नाही, रिकाम्या घराला एक वास असतो, झाकण घट्ट लावलेल्या डब्यासारखा. मी हलले नाही. अर्ध्या मिनिटानं पट्टी हिरवी झाली. मी हात वर केला, राखाडी. हात खाली घेऊन श्वास धरला, हिरवी. मी हलले की मी नाही, मी थांबले की मी आहे. असं किती वेळा केलं माहीत नाही. मागून बाबा म्हणाले, "चोराला व्यायाम दाखवतेस का?"

मी त्यांना खुर्चीत बसवलं आणि सांगितलं. सगळं नाही, आधी फक्त तारांचं. ते ऐकत गेले आणि त्यांचा चेहरा कित्येक वर्षांत पाहिला नव्हता तसा जागा होत गेला. "ते फोनवर काय विचारलं होतं, वाच," ते म्हणाले. मी वाचलं. "आणि तू उघडा का घातलंस?" "नळ उघडा असला की पाणी वाहतं म्हणून." "आणि फाटक उघडं असलं की गाडी जाते?" मी फोनवरची अक्षरं पुन्हा वाचली. "अगं, फाटक बंद झाल्याशिवाय गाडीला सिग्नल मिळत नाही. लोक म्हणतात फाटक बंद, फाटक बंद, शिव्या घालतात. त्यांच्या दृष्टीनं बंद. गाडीच्या दृष्टीनं तेव्हाच चालू. तारेचंही तसंच. टोकं मिटली की वीज जाते, उघडी राहिली की अडते. फाटक्या तोंडाचं काम नाही ते." मग स्वतःच थांबून म्हणाले, "पण दिवा बंद म्हणतो आपण, आणि रस्ता बंद. तुझीही चूक नाही. भाषाच अशी आहे." बाबांनी माझी चूक नाही असं म्हणणं, हा प्रसंग मी त्याच वेळी जपून ठेवला. चोराच्या अलार्मला असंच लागतं, हेही मग लक्षात आलं: सगळं ठीक असलं की तो अखंड बोलत राहतो, आणि कुणी दिसलं की गप्प होतो, म्हणजे कुणी तार कापली तरी गप्पच होणार आणि लगेच कळणार. आमच्या घराण्यात अगदी शोभला असता.

"मग त्या आपल्या दादाला गेले तीन आठवडे काय दिसतंय?" बाबांनी विचारलं. "तुम्ही चालताना दिसताय." "किती?" "दिवसाचे बारा तास." ते हसायला लागले. आधी नुसते खांदे, मग खुर्ची, मग खोकला, मी पाणी आणलं, पाणी पिऊन पुन्हा हसले. "या वयात!" ते म्हणाले. "खांबाला शर्यतीत पहिला नंबर!" मग डोळे पुसत, चष्मा हातात धरून, त्यांनी विचारलं, "आणि खरं किती?" मी फोनवर मागचे दिवस उघडले. आता वाचणं सोपं होतं. हिरवं ते रिकामं, राखाडी तेच बाबा. ज्या फटींना मी डुलक्या समजत होते ते त्यांचं चालणं होतं. न्हाणीघर, दारातला पेपर, पाण्याचा माठ, परत खुर्ची. "साधारण सव्वा तास," मी म्हणाले. ते म्हणाले, "चालायला आहे काय इथे? इकडून तिकडे, तिकडून इकडे. तिकडे जाऊन बघावं तर तिथेही कुणी नसतं." मी म्हणाले, "त्यातला अर्धा तास संध्याकाळचा आहे." त्यांनी चष्म्याची काच सदऱ्याला पुसली. "सहा ते साडेसहा. रोज. काय करता तेव्हा?" "काही नाही. पाय मोकळे करतो." "बरोबर सहाला?" "तेव्हाच मोकळे होतात माझे," बाबा म्हणाले आणि चष्मा घालून खिडकीकडे बघायला लागले.

मला वाटतं त्या वेळी मी काहीतरी आवरायला घेतलं. टेबलावरचे पेपर सरळ केले, सरळ होते ते पुन्हा सरळ केले. बावीस संध्याकाळी. माझ्या खोलीत मी चहाचा कप भरत असायची आणि हा माणूस दारापासून खुर्चीपर्यंत, खुर्चीपासून दारापर्यंत. आणि तो चालत असायचा तेवढाच वेळ माझ्या फोनवर तो नसायचा. बाकीचे सगळे तास मी ज्याला सोबत मानत होते तो एक रिकामा पॅसेज होता. मी एका भिंतीला म्हणाले होते, बसा थोडे. यातलं काही बाबांना सांगण्यासारखं नव्हतं. आणि खरं बोचत होतं ते चुकीचा शब्द निवडणं नव्हतंच. चुका माझ्या वहीत रोज पन्नास असतात. बोचत होतं ते हे, की एक म्हातारा माणूस दिवसाचे बारा तास चालतो हे मला पटलं होतं. कुणाही शहाण्याला पटलं नसतं. मला पटलं, कारण पटवून घेणं सोयीचं होतं.

"राहू दे तसंच," बाबा म्हणाले. मला आधी कळलंच नाही. "ते उघड-बंद. राहू दे जसं आहे तसं. रविवारी महिना भरतोय. दादा बघेल, म्हणेल म्हातारा ठणठणीत आहे, खोली सोडून देईल. झाकली मूठ." खिडकीकडेच बघत बोलत होते. "त्या खोलीला वाईट म्हणत नाही मी. बाग आहे म्हणतात. पण तिथे मला कुणी भेटायला येईल ते भेटायच्या वेळेत येईल." मी त्यांच्या मानेकडे बघत राहिले. मागच्या बाजूला केस कापताना राहिलेला एक पांढरा पुंजका होता. या माणसानं आयुष्यात माझ्याकडे काही मागितलेलं नव्हतं, आणि आता मागितलं तर खोटेपणा मागितला. हाच माणूस. मी सहा वर्षांची होते, दादा दहाचा, दादाला तापात झटके येत होते आणि आई त्याला मांडीवर घेऊन टांग्यातून दवाखान्यात निघाली होती, मी तिच्या शेजारी. आणि फाटक बंद. पलीकडे बाबा हिरवं निशाण धरून उभे. आई ओरडली नाही, नुसती बघत राहिली. मालगाडी होती, संपतच नव्हती. मी एकूण एकसष्ट डबे मोजले होते. बाबांनी आमच्याकडे पाहिलं नाही, शेवटचा डबा जाईपर्यंत मान वळवली नाही. दादा वाचला. रात्री आई पोळ्या लाटताना म्हणाली, "आज फाटकावर एक खडूस माणूस भेटला, तुमच्या ओळखीचा आहे का?" बाबा म्हणाले, "बघितल्यासारखा वाटतो." आणि दोघं हसले, म्हणजे आई हसली. पुढे कितीतरी वर्षं मी त्यांना त्या एकसष्ट डब्यांबद्दल माफ केलं नाही. आज पहिल्यांदा मला वाटलं, त्यांनी मान वळवली नाही कारण वळवली असती तर हात गेला असता फाटकाकडे.

राहू दे म्हणणं किती सोपं होतं. फोन खिशात टाकायचा, चहा करायचा. रविवारपर्यंत पट्टी हिरवी राहिली असती, दादा खूश, बाबा घरी, आणि मी माझ्या खोलीत. तीन माणसांचं भलं एका चुकीच्या शब्दात. पण त्यानंतर कधी बाबा पडले असते, तर पडून राहिलेल्या बाबांना ते यंत्र हालचाल आहे, हालचाल आहे म्हणत राहिलं असतं, आणि मी कप टेकवून बसले असते. मी फोन उचलला. "काय करतेस?" बाबांनी विचारलं. "दादाला लावतेय." "अगं, राहू दे म्हटलं ना!" "ऐकलं." दादाचा सकाळचा आवाज आला, "काय गं छोटी, या वेळेला? बाबा बरे आहेत ना? आत्ताच बघितलं, मस्त चालताहेत." मी म्हणाले, "दादा, ते चालत नाहीयेत. ते माझ्यासमोर बसलेत. मी उलटं लावलं होतं ते. दिसतंय ते सगळं उलटं आहे." त्याला दोनदा सांगावं लागलं. "म्हणजे," तो शेवटी म्हणाला, "मी जेवायच्या सुट्टीत उघडून बघायचो रोज. हिरवं दिसलं की जरा जेवण जायचं. वाटायचं, आहेत घरात, फिरताहेत." "मलाही तसंच." "म्हणजे आपण दोघं रिकामा पॅसेज बघत होतो?" "हो." तो हसला की काय झालं कळलं नाही, नाकातून एक आवाज आला फक्त. मग दादाच्या आवाजात म्हणाला, "मग रविवारी त्या लोकांना काय सांगायचं? हो म्हणू का?" बाबा खुर्चीच्या हातावर बोट आपटत होते, अगदी हलकं. मी म्हणाले, "नको म्हण. मी इथे राहायला येतेय."

हे मी ठरवलेलं नव्हतं. वाक्य तोंडातून बाहेर पडलं आणि मग मला माझी खिडकी दिसली, खुर्ची दिसली, एकच एक कप दिसला, आणि छातीत काहीतरी सरकलं. आनंद नव्हता तो, असं मला स्पष्ट आठवतं. "कुणी बोलावलंय हिला?" बाबा मोठ्यानं म्हणाले. "बाबा आहेत का तिथे?" दादानं विचारलं. "मी इथेच आहे! हिला विचार, कुणी बोलावलंय!" "कुणी नाही," मी म्हणाले. "माझ्याकडे जागा नाही," बाबा म्हणाले. "आईच्या कपाटाचा खालचा खण भरलेला आहे." "कशानं?" "पेपरांनी." "मग रिकामा करा." दादा तिकडून म्हणाला, "छोटी, नीट विचार केलास का?" मी म्हणाले, "मागच्या वेळी नीट विचार करून केलं होतं, ते उलटं निघालं."

आता मी इथे येऊन अकरा दिवस झालेत. ॲपमध्ये 'सामान्यतः बंद' करून टाकलं आहे, बाबांनी स्वतःच्या बोटानं केलं. यंत्र आता खरं बोलतं, पण त्याचा उपयोग नाही, कारण त्याला बाबा आणि मी वेगळे कळत नाही. परवा दादाचा निरोप आला, "आज फार चालले बाबा, जपा म्हणावं." ती मी होते, फरशी पुसत. बाबांना वाचून दाखवला तर म्हणाले, "चालू दे त्याचं." एरवी आम्ही फारसं बोलत नाही. सकाळी मी कामावर जाते. साडेसहाला परत येते तेव्हा ते खुर्चीत बसलेले असतात, पेपर समोर धरून, जणू मी आले काय न आले काय. कपाटाचा खण रिकामा केला आहे, पण तसं मला सांगितलेलं नाही. मला तो उघडा सापडला. जेवताना दोघांच्या चावण्याचा आवाज येतो. माझ्या खोलीत मी एकटी होते त्यापेक्षा इथे कमी एकटी आहे असं मला म्हणता येणार नाही. इथे एकटेपणाला बसायला दोन खुर्च्या आहेत, एवढंच.

आज सुट्टी होती. दुपारी बाबा आतल्या खोलीत गेले आणि दार लोटून घेतलं. मी बाहेर शिवणयंत्राशी बसून उशीचा अभ्रा उसवत होते. थोड्या वेळानं आतून बोलण्याचा आवाज यायला लागला. मला वाटलं फोन आला असेल, पण त्यांचा फोन बाहेर माझ्यापाशी होता. मी हात थांबवला. "चष्मा इथे ठेवला होता," बाबा म्हणत होते, सावकाश, कुणाला तरी समजावल्यासारखे. "इथे नाही. मग सदऱ्याच्या खिशात. खिशातही नाही. बघ, गादीवर आहे की. आता आपण बसू. गुडघा दुखतोय, दुखू दे. बसलो." किती वर्षं हे चाललं असेल. असं काही टिपणारा सेन्सर नाही, आणि असता तर मी लावला नसता. मला कळेना, उठून दूर जावं की तशीच बसून राहावं. गुपचूप ऐकणं बरं नव्हतं. मग मी खोकले. फार मोठ्यानं नाही, पण बाहेर माणूस आहे हे कळेल इतपत. आतला आवाज एकदम थांबला. मी अभ्र्याचा दोरा धरून बसले, ओढला नाही. घर इतकं गप्प झालं की मला वाटलं, मी ते मोडलं, सात वर्षांचं एकमेव बोलणं मी एका खोकल्यानं मोडलं. दोन मिनिटं गेली असतील. मग आतून पुन्हा सुरू झालं. "तर काय सांगत होतो," बाबा म्हणाले, थोडं मोठ्यानं.